राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वडील ५४ वर्षांचे असून सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली ११ वर्षे लेथ मशीनवर कायम कामगार आहेत. त्याआधी २००४ ते २०११ अशी ७ वर्षे ते सिन्नरच्या दुसऱ्या एका कारखान्यात होते. पाच महिन्यांपूर्वी पहाटे घरीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उचलत नाही, पाय ओढत चालतात, बोलताना शब्द अडकतात. कारखान्याने सुचवले आहे की ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा द्यावा, म्हणजे हिशेब लवकर होईल. भाऊ त्याला तयार आहे. नातेवाइकांच्या ओळखीने एक सल्लागार घरी येऊन गेले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन सगळे काढून देतो, आगाऊ काही नको, मिळेल त्या रकमेच्या २० टक्के द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. झटका कामावर आला नसल्यामुळे अपंगत्वाची पेन्शन बसत नाही, म्हणून लवकरची पेन्शन घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. शिवाय कमी उत्पन्नाचा दाखला काढून निराधार योजनेचेही पाहतो, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी त्यांना वडिलांच्या सह्या घेतलेले कोरे फॉर्म आणि आधारला जोडलेला मोबाइल दोन दिवस हवा आहे. २० टक्के वाजवी आहेत का, की घासाघीस करून १५ वर आणावेत, असा या भगिनींचा प्रश्न आहे. पत्रासोबत त्यांनी वडिलांच्या शेवटच्या पगारपत्रकाची झेरॉक्स पाठवली आहे.

ताई, तुम्ही विचारले आहे टक्क्यांबद्दल. पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ राजीनाम्याची आहे. म्हणून आधी ते सांगतो आणि टक्क्यांकडे नंतर वळतो. वडिलांची सही, किंवा सही जमत नसेल तर अंगठा, सध्या कोणत्याही राजीनाम्यावर होऊ देऊ नका. कारखान्यातले लोक वाईट हेतूने सुचवत असतील असे मी म्हणत नाही. हिशेबाचा कागद लवकर निकाली काढणे हे त्यांचे काम असते आणि ‘वैयक्तिक कारण’ हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत कमी कटकटीचा मार्ग असतो. तुमच्या वडिलांच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत महागाचा ठरू शकतो.

कसा, ते समजण्यासाठी सल्लागारांनी तुम्हाला सांगितलेले एक वाक्य तपासून पाहू. झटका घरी आला, कामावर नाही, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही, असे ते म्हणाले. ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिचे मूळही समजण्यासारखे आहे, कारण कामावरील अपघाताची नुकसानभरपाई खरोखरच कामाशी जोडलेली असते. परंतु पगारातून पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांना लागू असलेली पेन्शन योजना, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेली कर्मचारी पेन्शन योजना, कायमच्या पूर्ण अपंगत्वाची व्याख्या करताना हे अपंगत्व नोकरीच्या ओघात आले की अन्य कारणाने, हे पाहिले जाणार नाही असे स्पष्ट सांगते. अपंगत्व आले तेव्हा जे काम तो माणूस करू शकत होता, त्या कामाला तो कायमचा असमर्थ झाला आहे का, एवढेच तिथे पाहतात. झटका पहाटे घरी आला की दुपारच्या पाळीत मशीनसमोर, याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. हे अपंगत्व सभासद नोकरीत असताना आलेले असले पाहिजे आणि त्याच कारणाने नोकरी सुटलेली असली पाहिजे. आता विचार करा, वडिलांनी स्वतःच्या सहीने ‘वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे’ असे लिहून दिले, तर उद्या तेच पीएफ कार्यालयासमोर उभे राहून ‘मी अपंगत्वामुळे नोकरी सोडली’ असे कशाच्या आधारावर म्हणणार? दवाखान्याचे कागद असतील, हे खरे; पण त्यांच्या विरुद्ध बोलणारा त्यांचाच एक कागद फाइलमध्ये आधीपासून लावलेला असेल.

यात आणखी एक बारीक जागा आहे, आणि ती मला चांगली माहीत आहे, कारण मी आयुष्याची २७ वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कामगार बाहेर पडला की कारखान्याला भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजेच पीएफच्या, पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख आणि कारण नोंदवावे लागते. कारण हाताने लिहायचे नसते. ठरावीक पर्यायांतून एक निवडायचे असते आणि त्या पर्यायांत निवृत्ती, मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि साधी नोकरीसमाप्ती असे प्रकार असतात. महिनाअखेरीस पन्नास नोंदी उरकणारा कारकून सवयीने साधी नोकरीसमाप्ती निवडतो. आमच्या वेळी हेच काम कागदी फॉर्म १० वर चालायचे आणि डोळ्यांची नजर गेलेल्या एका फिटरच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात मीच सवयीने ‘राजीनामा’ असे लिहिले होते. त्या एका शब्दाची दुरुस्ती व्हायला सात महिने गेले आणि त्या काळात त्याची बायको दर आठवड्याला टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. त्यामुळे हे सांगताना मी कुणाला नावे ठेवायला बसलेलो नाही. कारखान्याशी बोलाल तेव्हा हीच एक मागणी लेखी करा: नोकरी संपवायचीच वेळ आली, तर ती वैद्यकीय कारणाने कायमची असमर्थता म्हणून संपवावी आणि पोर्टलवर तेच कारण निवडावे.

आता तुमच्या पगारपत्रकाकडे येतो. त्यात एकूण पगार १९,५०० रुपये, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, पीएफची कपात १,६८० रुपये आणि त्याच्याखाली ‘ईएसआय १४७’ असे छापलेले आहे. १,६८० म्हणजे १४,००० चे १२ टक्के. तेवढीच रक्कम मालकही भरतो, पण मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये राहतात. पेन्शनचे सूत्र लहान आहे. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०; पगार १५,००० च्या वर असला तरी हिशेबात १५,००० च धरतात. तुमच्या वडिलांची सरासरी थोडी कमी निघेल, पण समजण्यासाठी १४,००० च धरू. १४,००० गुणिले ११ भागिले ७० म्हणजे महिन्याला २,२०० रुपये.

सल्लागारांनी सुचवलेली ‘लवकरची पेन्शन’ म्हणजे वयाच्या ५० नंतर आणि ५८ च्या आधी घेतलेली कमी केलेली पेन्शन. तिला किमान दहा वर्षांची सेवा लागते, ती वडिलांकडे आहे, आणि ५८ ला जितकी वर्षे कमी असतील तितक्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते. ५४ व्या वर्षी घेतली तर चार वर्षांची कपात होऊन २,२०० चे साधारण १,८५० होतात, आणि ही कपात जन्मभराची असते. पुढे आईला मिळणारी पेन्शनही वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी या हिशेबाने ठरते, म्हणून तिथेही तिचा परिणाम होतो. अपंगत्वाच्या पेन्शनला ही वयाची कपात नाही. शिवाय ती अपंगत्व आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते आणि तिला दहा वर्षांच्या सेवेचीही अट नाही. किमान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली की पुरते. हे वाक्य मी तुमच्यासाठी कमी आणि अशाच परिस्थितीतल्या तरुण वाचकांसाठी जास्त लिहीत आहे, कारण तीन-चार वर्षे नोकरी झालेला मुलगा अपघातात हात गमावतो आणि घरचे लोक दहा वर्षे झाली नाहीत म्हणून पेन्शनचे पैसे काढून मोकळे होतात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

दोन्ही पेन्शनसाठी अर्ज एकच, फॉर्म १०-डी. कोणत्या प्रकारची पेन्शन मागता आहात, ते त्यातच सांगायचे असते. कोऱ्या फॉर्मवर सही मागणाऱ्या माणसाच्या हातात नेमकी ही निवड जाते. लवकरच्या पेन्शनला वैद्यकीय मंडळापुढे जावे लागत नाही, काम भराभर होते आणि टक्केवारीही लवकर हाती येते. सल्लागार हे मुद्दाम करत आहेत असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. कदाचित त्यांना व्याख्याच माहीत नसेल. पण ज्याचा मोबदला काम किती लवकर संपते यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून लांबच्या वाटेचा सल्ला मिळणे अवघड असते.

वैद्यकीय मंडळाबद्दल एक घोळ आधीच दूर करतो. जिल्हा शासकीय रुग्णालयातून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि पेन्शन योजनेची वैद्यकीय तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा असतो, त्यावर टक्केवारी लिहिलेली असते आणि ४० टक्क्यांच्या पुढे बऱ्याच सवलती सुरू होतात. ते जरूर काढा. अर्धांगवायूत सुधारणा होण्याची शक्यता असल्यामुळे डॉक्टर काही महिने थांबूनच कायमच्या स्थितीबद्दल मत देतात आणि पाच महिने झालेले असल्यामुळे तुमची वेळ आता आलीच आहे. पण पेन्शनच्या व्याख्येत टक्के नाहीत. तिथे मंडळ पाहते ते एवढेच, की हा माणूस अपंगत्व आले त्या वेळी करत असलेल्या कामाला कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ झाला आहे का. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नुसते ‘उजव्या बाजूचा अर्धांगवायू’ असे लिहून घेऊ नका. वडील दिवसभर काय करत होते ते डॉक्टरांना सांगा: जड जॉब उचलून चकमध्ये लावणे, चावीने आवळणे, टूल बदलणे, मायक्रोमीटरने माप घेणे, आठ तास उभे राहणे. मग यांतले काय होऊ शकत नाही आणि का, हे त्यांना लिहायला सांगा. कारखान्याकडून वडिलांच्या कामाचे स्वरूप सांगणारे अर्ध्या पानाचे पत्रही घ्या. वैद्यकीय कागद आणि कामाचा कागद शेजारी शेजारी ठेवले, की मंडळाला न सांगता पुष्कळ कळते.

तो ‘ईएसआय १४७’ मी विसरलेलो नाही. उलट तुमचे पत्र वाचताना माझी नजर तिथेच अडकली. तुमच्या पत्रात किंवा सल्लागारांच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात ते कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, आणि ती फक्त दवाखान्याची योजना नाही. आजारपणात पगार बुडाला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रोख मिळतात. त्यापुढे, दोन वर्षे सलग नोकरी आणि ठरलेली वर्गणी असलेल्या कामगाराला दीर्घ आजारांच्या ठरावीक यादीतला आजार झाला, तर विस्तारित आजारपण लाभ म्हणून ८० टक्के मिळतात आणि तो लाभ मुदतवाढीसह दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अर्धे अंग लुळे पडणे त्या यादीत आहे. तुमच्या वडिलांचा रोजचा पगार ६५० रुपये धरला, तर पहिल्या ९१ दिवसांचे सुमारे ४१ हजार होतात आणि त्यानंतर महिन्याला सुमारे १५,६०० रुपये. २,२०० च्या पेन्शनसाठी धावपळ करणाऱ्या घरात १५,६०० चा दरवाजा पाच महिने कुणी ठोठावलेला नाही, हे वाचून मला खरोखर हळहळ वाटली.

यासाठी ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे दाखले लागतात. तुम्ही खासगी रुग्णालयात उपचार घेतले असल्यामुळे गेल्या पाच महिन्यांचे काय, हा प्रश्न येईल. भरती होतानाचा कागद, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल, फिजिओथेरपीच्या नोंदी असे सगळे घेऊन वडिलांना तिथे न्या आणि मागील काळासाठी हा पर्यायी पुरावा मानावा, असा लेखी अर्ज द्या. मागचे कितपत मानले जाईल ते तिथले अधिकारी ठरवतील. पण पुढचे दाखले तरी त्या दिवसापासून सुरू होतील. हे उद्याच करण्याचे काम आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तज्ज्ञाची मदत घ्यावी का? घ्यावी. सरकारी कामाला तज्ज्ञ कशाला लागतो, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण तज्ज्ञ कशासाठी हवा आहे, ते आधी वेगळे काढा. सल्लागार २० टक्के कशावर मागत आहेत ते पाहा. वडिलांच्या पीएफ पासबुकात तुम्ही लिहिल्याप्रमाणे ३ लाख १० हजार जमा आहेत. ते त्यांचेच पैसे आहेत. कायमच्या शारीरिक असमर्थतेमुळे नोकरी सुटली तर पूर्ण रक्कम काढता येते आणि त्या अर्जाला शुल्क नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून; १४,००० वर ११ वर्षांचे ८८ हजारांच्या पुढे जातात आणि ती कारखान्याने द्यायची असते. हे दोन्ही मिळून झाले सुमारे ४ लाख. यात वाद नाही, शोध नाही, कौशल्य नाही. त्यावरचे २० टक्के म्हणजे ८० हजार रुपये, वडिलांची २,२०० च्या दराने तीन वर्षांची पेन्शन. १५ टक्क्यांवर आणलेत तरी ६० हजार होतात. ‘मिळाले तरच द्या’ हे ऐकायला सुरक्षित वाटते, कारण आपण गृहीत धरतो की न मिळण्याचीही शक्यता आहे. जे मिळणारच आहे, त्याच्या बाबतीत ‘मिळाले तरच’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

खरे कौशल्य लागेल अशा तीन जागा मला तुमच्या प्रकरणात दिसतात. एक, अपंगत्वाची पेन्शन मंडळापुढे नीट मांडणे. दुसरी, ईएसआयचा विस्तारित लाभ नोकरीत राहून किती काळ घ्यायचा आणि नोकरी व पेन्शनच्या तारखा त्याच्याशी कशा जुळवायच्या, हा हिशेब. हा हिशेब खरोखर अवघड आहे आणि मी पत्रावरून त्याचे उत्तर देणार नाही. कागद समोर ठेवूनच ते द्यायला हवे. तिसरी जागा म्हणजे सिन्नरची ७ वर्षे.

त्या सात वर्षांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की वडिलांना नीट आठवत नाही, पण पत्र्याच्या पेटीत २०१० सालची एक पिवळी पडलेली पावती सापडली. ती पावती म्हणजे पीएफची वार्षिक जमापावती आणि तिच्यावरचा खाते क्रमांक मोलाचा आहे. आज प्रत्येक सभासदाला असलेला बारा अंकी क्रमांक २०१४ मध्ये आला. त्याआधीची खाती आपोआप त्याला जोडली गेली नाहीत आणि कामगारांची कितीतरी वर्षे अशी सुटी पडून राहिली. सिन्नर सोडल्यावर वडिलांनी पेन्शनचेही पैसे फॉर्म १०-सी भरून काढले असतील, तर ती सेवा संपली. काढले नसतील, तर ती वर्षे आजच्या सेवेला जोडली जातात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला पगाराची जुनी ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून ती सात वर्षे जास्तीत जास्त ६५० रुपयांची भर घालतील: ६,५०० गुणिले ७ भागिले ७०. म्हणजे २,२०० चे २,८५०, आणि तेही जन्मभर. शिवाय त्या खात्यात पीएफची शिल्लक पडून असली तर ती वेगळी. सल्लागारांनी ही पावती पाहिली आणि ‘जुनी आहे, सोडा’ म्हणाले, असे तुम्ही लिहिता. मला त्यांच्याबद्दल जे काही मत बनवायचे होते ते या वाक्याने बनले.

मग चांगला तज्ज्ञ कुठे मिळेल? वडिलांच्या कारखान्यात कामगार संघटना असेल तर पहिले दार तिचे. संघटनेच्या कार्यालयात बसणाऱ्या जुन्या माणसांनी असे दहा-वीस प्रस्ताव हाताळलेले असतात. दुसरे दार जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तुमचे वडील त्यांतल्या दोन वर्गांत बसतात आणि तुम्ही तिसऱ्यात. तिसरे दार भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या ‘निधी आपके निकट’ या शिबिराचे. ते दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरते आणि सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जुने खाते जोडणे, नावातला किंवा जन्मतारखेतला फरक दुरुस्त करणे, यासाठी तिथे समोरासमोर बसता येते. आधारवर ‘दत्तू’ आणि पीएफमध्ये ‘दत्तात्रय’ असले तरी अर्ज परत येतो, म्हणून ही तपासणी सर्व अर्जांच्या आधी करा.

एवढे करूनही पैसे देऊन सल्ला घ्यावासा वाटला तर कामगार कायद्याचे काम करणारे वकील किंवा पीएफ-ईएसआयचे काम पाहणारे सल्लागार पाहा, मात्र शुल्क ठरावीक असू द्या, कामागणिक असू द्या आणि त्याची पावती घ्या. पहिल्या भेटीत त्यांना विचारा, की बाहेर पडण्याचे कारण कोणते नोंदवून घ्यायचे, प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे कसे जाते आणि २०११ पूर्वीची सेवा कशी शोधायची. माहीतगार माणूस या तिन्हींवर बोलू लागेल आणि बोलताना तुमचे कागद मागेल. ‘ते माझ्यावर सोडा, आत आपली माणसे आहेत’ असे उत्तर आले, तर तो माणूस माहिती विकत नाही, ओळख विकतो, आणि त्या ओळखीची खरी किंमत आपल्याला कधीच कळत नसते. बाकी, प्रामाणिक सल्लागार असतात. आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर टंकलेखनाचे दुकान असलेले एक गृहस्थ होते. अर्जाचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि ज्याला हक्क नाही त्याला अर्ज न करताच परत पाठवायचे.

मोबाइल आणि कोऱ्या सह्यांबद्दल मला लांबण लावायची नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे वडिलांची सहीच आहे. त्यावर बँक खाते बदलता येते, पीएफ काढता येतो, पेन्शनचे पैसे काढण्याचा अर्जही जातो. तो फोन घराबाहेर जाऊ देऊ नका.

निराधार योजनेचेही तसेच. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही ज्यांना कुणाचाच आधार नाही अशांसाठी आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. तुमच्या घरात तुमचा आणि भावाचा असे दोन पगार येतात. कमी उत्पन्नाचा दाखला म्हणजे वडिलांच्या नावाने केलेले खोटे प्रतिज्ञापत्र. ते उघडे पडले तर वसुली आणि गुन्हा दोन्ही त्यांच्या नावावर येतील, सल्लागारांच्या नाही. ज्या वाचकांच्या घरी खरोखरच तेवढे उत्पन्न नाही, त्यांनी मात्र तहसील कार्यालयात हा अर्ज अवश्य करावा. त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य लागते.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. सर्व बाजूंनी पूर्ण असलेला पेन्शनचा दावा २० दिवसांत निकाली काढायचा असतो आणि पुरेसे कारण नसताना उशीर झाला तर वार्षिक १२ टक्के दराने दंडव्याजाची तरतूद योजनेतच आहे. दावा परत आला तर कारण लेखी मिळाले पाहिजे. तक्रार भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर करता येते, दहा रुपयांत माहितीचा अधिकार वापरता येतो आणि त्याहीपुढे जावे लागले तर भविष्य निर्वाह निधीचा सभासद हा ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलेले असल्यामुळे ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. तिथवर जायची वेळ तुमच्यावर येणार नाही, असे मला वाटते.

शेवटी एक विचारतो. तुमच्या चार पानी पत्रात भाऊ काय म्हणतो ते आहे, मामा काय म्हणतात ते आहे, सल्लागार काय म्हणतात ते आहे. वडील काय म्हणतात ते फक्त एका ठिकाणी येते: ‘बाबांना अपंग हा शब्द चालत नाही, ते मान फिरवतात.’ तीस वर्षे हाताने लोखंड कापलेल्या माणसाला तो शब्द सहज चालेल अशी अपेक्षाही करू नये. पण वैद्यकीय मंडळापुढे त्यांनाच बसायचे आहे, आणि तिथे ‘मला बरे आहे, मी जाईन कामावर’ असे ते अभिमानाने म्हणाले, तर सगळ्या कागदांवर पाणी पडेल. असेही मी पाहिले आहे. म्हणून एका संध्याकाळी हे सर्व त्यांना सावकाश सांगा. शब्द अडकत असले तरी समजते त्यांना सगळे, असे तुम्हीच लिहिले आहे. ही पेन्शन म्हणजे कुणी केलेली दया नाही, ११ वर्षे दर महिन्याला त्यांच्या कामापोटी मालकाने भरलेली वर्गणी तिच्यात आहे, हे पासबुकातली ती ओळ दाखवून सांगा. सिन्नरचे पैसे काढले होते की नाही, तेही त्यांनाच विचारा. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरेल असा प्रश्न करा, आणि २०११ साली बँकेत एकरकमी पैसे आले होते का, घरात तेव्हा काय घेतले होते, अशा आठवणीच्या वाटेने जा. आईलाही सोबत बसवा. अशा रकमा कुठे गेल्या ते घरात बहुधा तिलाच आठवत असते.

आणि २७ तारखेला शिबिराला जाताना ती पिवळी पावती मूळच न्या, पण टेबलावर झेरॉक्सच द्या.